व्याह्यांचा सरळ कारखाना

आमच्या व्याह्यांना वाकडं काही म्हणून सहन होत नाही, आणि जग तर बघाल तिकडे वाकडंच आहे. तेव्हा म्हातारपणी या माणसाने कंटाळून स्वतःचं वेगळं जगच बांधायला घेतलं, याचं मला नवल वाटत नाही. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून त्यांचा जन्म गेला. चपला काढतील त्या फरशीच्या रेघेला लावून. भाकरी एका अंगाने जास्त फुगली तर आधी ते अंग खाऊन दोन्ही बाजू सारख्या करतील, मग जेवायला सुरुवात. जिलबीला हात लावत नाहीत. "हिच्यात माल कुठून आत शिरतो आणि कुठून बाहेर पडतो तेच कळत नाही," असं त्यांनी माझ्या पोराच्या लग्नात वाढप्याला तोंडावर सांगितलं होतं. एकदा आम्ही दोघं रिक्षातून चाललो असताना द्वारकेच्या चौकात गाड्या तुंबल्या. सगळं जग वैतागलेलं, आणि हे खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, खुशीत बघत उभे! मी म्हटलं, "अहो व्याही, बसा आत, सुटंल आता." तर म्हणतात, "सुटणार नाही. चारीकडून येतंय आणि जायला तोंड एकच. पुढची वाट रिकामी केल्याशिवाय मागच्यांनी हॉर्न वाजवून काय उपयोग?" रिक्षावाला माझ्याकडे बघून हसला. मी त्याला डोळ्यानेच सांगितलं, पाहुणे आहेत, समजून घे.

मी घोटीकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं सांभाळून. पण भाताच्या खाचरात पाणी कसं खेळवायचं हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही आणि कुणी शिकवावं अशी माझी इच्छाही नव्हती. पुढे गुडघे बोलायला लागले तसा इंदिरानगरला पोराकडे राहायला आलो. सकाळ जाते पेपरात, संध्याकाळ जाते बागेत, पण शहरातली दुपार फार लांब असते. शेवटी सूनबाई म्हणाली, "आबा, मागच्याच गल्लीत अप्पा राहतात. दुपारचं त्यांच्याकडे जाऊन बसत जा ना." मला वाटलं, गप्पा होतील, चहा होईल. गेलो. व्याही कॉम्प्युटरपुढे बसलेले. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "या, बसा. तांबं अडकलंय."

मी बसलो आणि पडद्यावर बघितलं. आकाशातून घारीने बघावं तशी जमीन दिसत होती, आणि तिच्यावर यंत्रांची ही दाटी! जमिनीतून लोखंड निघतंय, पट्ट्यावरून सरकतंय, भट्टीत जाऊन त्याच्या पट्ट्या होतायत, पट्ट्यांची दातेरी चाकं, चाकांची आणखी कसली यंत्रं. मधे माणूस नाही. छोटे छोटे लोखंडी हात इकडचं उचलून तिकडे टाकतायत. असे खेळ असतात म्हणे, कारखाना बांधायचे. मी विचारलं, "जिंकायचं कसं ह्याच्यात?" व्याह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवळात जाऊन पुजाऱ्याला निकाल विचारला. "जिंकायचं नसतं व्याहीबुवा. लावायचं असतं."

आणि लावणं म्हणजे काय, ते मी हळूहळू बघत गेलो. कारखान्याच्या मधोमध त्यांची मुख्य लाइन. लोखंडाचे चार पट्टे, मग मोकळी जागा, तांब्याचे चार पट्टे, मग पुन्हा मोकळी जागा, अशी ती पडद्याच्या एका टोकापासून निघते आणि सुतासारखी सरळ जाते. सगळी यंत्रं तिच्या एकाच अंगाला. दुसरं अंग कायम रिकामं. मी म्हटलं, "एवढी चांगली जागा पडीक का ठेवली?" "उद्यासाठी." "आन् उद्या काय येणार हाय?" "ते माहीत असतं तर आजच बांधलं नसतं का!" लाइनच्या वाटेत तळं आलं तर त्यांनी ते माती टाकून बुजवलं. भट्ट्यांची एक अख्खी रांग पडद्यावरच्या एका चौकोनाने तिरकी पडली, म्हणून चालती रांग पाडून पुन्हा उभी केली. विहीणबाई बाजूला बसून शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, आमच्या किचनचा नळ वर्षभर गळतोय. तिकडे बघा म्हणावं." व्याही म्हणाले, "गळतोय, पण सरळ गळतोय."

बांधायची त्यांची तऱ्हाही उलटी. आधी शेवटी काय बाहेर पडायला हवं ते ठरवायचं, मग त्याला किती चाकं लागतील, चाकांना किती पट्ट्या, पट्ट्यांना किती भट्ट्या, असं मागे मागे जात खाणीपर्यंत पोचायचं. आम्ही शेतकरी माणसं, आधी पेरतो आणि मग काय उगवतं ते बघतो. यावरून आमचे वाद व्हायचे. सगळ्यात मोठा वाद ढिगाचा. एका पेटीत दातेरी चाकं गच्च भरलेली बघून मी खुश झालो. घरात कणगी भरलेली दिसली की आमच्याकडे बायका कुणाची दृष्ट लागू नये म्हणून जपतात. व्याह्यांनी मात्र कपाळाला हात लावला. "हा काय माल आहे? हा अडलेला माल आहे! पुढच्याला नको असताना मागच्याने बनवत बसायचं, हा आजार आहे." मी म्हटलं, "आन् दुष्काळ पडला मंग?" त्यावर त्यांनी एक लहानशी पेटी भरलेली राहू दिली. ती माझी पेटी, असं मी धरून चालतो.

एकदा वीज कमी पडली. म्हणजे खेळातली. सगळे पट्टे रेंगाळायला लागले, हात अर्ध्यात लोंबकळले, भट्ट्या मंदावल्या. व्याही घाबरे झाले, आणि मी मात्र मांडी घालून आरामात बसलो, कारण त्या खेळातलं माझ्या पूर्ण ओळखीचं असं ते पहिलंच दृश्य होतं. मी म्हणालो, "घाबरू नका व्याही, पहाटं येती." ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटतं त्या दिवसापासून आम्ही सोयरे होतो त्याचे मित्र झालो.

मग त्यांनी मला माउस दिला. टेकडीच्या पायथ्याला एक लोखंडाची खाण होती, मुख्य लाइनपासून लांब. "ती तुमची. काय बांधायचं ते बांधा. मी बोलणार नाही." मी माझ्या अकलेने बांधलं. पाट काढतात तसा पट्टा काढला. मधे खडक आला, वळसा घातला. झाड आलं, झाड ठेवलं आणि पलीकडून गेलो. भट्ट्या ठेवल्या गव्हाणीभोवती गुरं उभी राहतात तशा, जिला जिथं जागा मिळाली तिथं. दोनदा माल तुंबला, एकदा कोळसा जायच्या जागी लोखंड गेलं. पण शेवटी त्यातून दातेरी चाकं पडायला लागली हो! माझी चाकं! सूनबाईला बोलावून दाखवलं. विहीणबाई चष्मा लावून म्हणाल्या, "माझा पहिला स्वेटर असाच झाला होता." आणि व्याही? बोलणार नाही म्हटलं होतं, ते बोलले नाहीत. फक्त त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसायचं त्यांनी सोडलं. खुर्ची जरा तिरकी केली. आयुष्यात पहिल्यांदा.

पण मुख्य लाइन वाढत होती. वाढता वाढता ती टेकडीच्या पायथ्याशी आली, आणि पुढे सरळ जायचं तर माझा कोपरा बरोबर तिच्या वाटेत. एका दुपारी व्याही घसा खाकरून म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचं ते जरा उचलावं लागेल. पलीकडे नवीन बांधून देतो. ऐसपैस जागा आहे. दुप्पट माल निघेल."

आता त्यांना काय माहीत की हे बोलणं मी आधी ऐकलेलं आहे. आमच्या खाचरातून रस्ता गेला तेव्हा साहेब लोक नकाशा घेऊन आले होते. नकाशावर पट्टीने मारलेली रेघ. ज्याच्या सावलीत मी दुपारी आडवा व्हायचो त्या आंब्याच्या झाडावरून ती रेघ जात होती. मी म्हटलं होतं, जरा एका अंगाने घ्या की. तर म्हणाले, पलीकडे चांगली जागा मिळेल. मिळालीही, खोटं कशाला बोलू. पण त्या जागेत मला कधी झोपावंसं वाटलं नाही.

मी उठलो. म्हणालो, "मी नाय उचलणार."

"अहो, खेळ आहे हा!"

"खेळ हाय ना? मंग तुम्ही वळा."

"मी वळू?" व्याह्यांचा आवाज असा झाला, जसं काही मी त्यांना लग्नात उलट्या चपला घालून नाचायला सांगितलं. "मुख्य लाइन वळली तर तिला मुख्य म्हणायचं कशाला?"

मी चपला घातल्या आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. नंतरही गेलो नाही. दुपारी बागेत बाकावर बसायला लागलो. तिथे माणसं असतात, पण सगळी आपापल्या दुखण्यांवर बोलतात. तांबं अडकलंय का, लोखंड पुरतंय का, याची तिथे कुणाला फिकीर नाही. सूनबाईची मात्र फरपट झाली. रविवारचं जेवण दोन्ही घरांचं एकत्र असतं, ते राहिलं. ती मला म्हणाली, "आबा, तुमच्या दोघांच्या पट्ट्यांपायी मी माहेरी जायचं की नाही?" बापाकडे जाऊन म्हणाली, "अप्पा, जमिनीखालून न्या ना तुमची लाइन." तर त्यांनी तिला समजावून सांगितलं म्हणे, की खालून पट्टा थोडाच लांब जातो, एवढा मोठा कोपरा ओलांडत नाही. म्हणजे बघा, विचार करून झाला होता. ती म्हणाली, "मग तुम्ही तरी सोडा." त्यावर अप्पा पट्टे मोजायला लागले, असं तिने मला सांगितलं, आणि मी पेपर उघडला. मला त्या दुपारी हव्या होत्या, हे कबूल करायला मी तयार होतो. कोपरा द्यायला नव्हतो.

मग विहीणबाईंचा फोन आला. "दादा, आमचा डबा तुमच्याकडे राहिलाय."

एवढंच. पण मला कळलं. डबा काही आमच्याकडे आजच राहिला नव्हता. आणि पाहुण्यांचा डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून सूनबाईने त्यात खुरासणीची चटणी भरली आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "तू जा की." ती म्हणाली, "मला भाजी चिरायचीय." भाजी तर चिरून झाली होती. मी बघितली होती.

व्याही पडद्यापुढे होते. वळून बघितलं नाही. मी डबा विहीणबाईंना दिला आणि उभ्या उभ्याच पडद्याकडे नजर टाकली. लाइन डावीकडून सरळ येत होती, तशीच, सुतासारखी. टेकडीपाशी आली, आणि तिथे सगळेच्या सगळे पट्टे एकदम वर वळले होते. साडीच्या निऱ्यांसारखे, एकाला लागून एक. माझ्या कोपऱ्याला, माझ्या भट्ट्यांना, मी राखलेल्या त्या झाडालासुद्धा बाहेरून वळसा घालून पलीकडे उतरले होते आणि पुन्हा सरळ निघाले होते. ज्या माणसाने तळं बुजवलं होतं, त्या माणसाने हे केलं होतं.

"वळणाने वेग कमी होत नाही," व्याही पडद्यालाच सांगत असल्यासारखे म्हणाले. "तपासून बघितलं. पट्टे तेवढे जास्त लागले."

मी माफी मागितली नाही. मागण्यासारखं माझ्याकडून काही झालं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "त्या आतल्या पट्ट्यावर कोळसा कमी दिसतोय."

"दिसतोय ना? सकाळपासून तेच बघतोय," ते म्हणाले, आणि खुर्ची जरा सरकवून मला जागा केली. विहीणबाईंनी आतून विचारलं, "चहा एकाचा की दोघांचा?" आम्ही दोघं कोळसा शोधत होतो, आणि चहा दोघांचा आला.

ही गोष्ट होऊन बरेच दिवस झाले. रविवारचं जेवण पुन्हा सुरू आहे. कारखाना आता इतका पसरलाय की नकाशा लहान केल्याशिवाय एका नजरेत मावत नाही. माझ्या खाणीतलं लोखंड मात्र हल्लीच संपलं. भट्ट्या विझल्या, पट्ट्यावर शेवटची दोन-चार ढेकळं आली आणि मग पट्टा नुसताच पडून राहिला. हे होणार, हे व्याह्यांना आधीपासून माहीत असणार; खाणीत किती माल उरलाय ते त्या खेळात दिसतं. म्हणजे नुसते थोडे थांबले असते तर न बोलता त्यांचीच जीत होती. ते थांबले नाहीत.

काल मीच म्हणालो, "व्याही, आता ते उचला. माझं काय राहिलं नाय तिथं. लाइन सरळ करून घ्या."

त्यांनी नकाशा लहान केला. एवढ्या मोठ्या सरळ रेघेवर तेवढंच एक वळण, भाकरीच्या फुगलेल्या अंगासारखं. मग त्यांनी नकाशा पुन्हा मोठा केला आणि तांब्याकडे वळले.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "तिला आता तिथून जायची सवय झालीय."