बाभळीची गिटार

मी गाव सोडलं त्या दिवशी आण्णा, म्हणजे माझे वडील, केजच्या स्टँडवर सोडायला आले आणि तासभर शेळ्यांचीच काळजी करत बसले. शेळ्या चुलत्याच्या हवाली केल्या होत्या, आणि आण्णांच्या मते चुलत्याचं लक्ष शेळ्या सोडून सगळीकडे असायचं. पुण्याची एसटी लागली तेव्हा खिडकीखाली उभं राहून ते म्हणाले, "जी वस्तू उघडून नीट करता येत न्हाई, ती आपली न्हाई. तिकडं एवढं ध्यानात ठेव." आयटीआय झालेल्या पोराला हे काय सांगतात, असं मला वाटलं. गाडी हलली तसं मला रडू आलं. तोवर ते पाठ फिरवून शेळ्यांकडे निघालेही होते.

चाकणला एका कंपनीत पॅनल वायरिंगचं काम मिळालं. शिफ्ट, मेस, ओव्हरटाइम, आठवड्याला एक वीकऑफ. माझा रूम पार्टनर परळीकडचा, त्याच्याकडे गिटार होती आणि त्याच्याकडूनच मी बोटं बसवायला शिकलो. मग मला इलेक्ट्रिक गिटार हवीशी झाली, आणि तीही स्वतः जोडलेली.

"तयार घे की बे," पार्टनर म्हणाला. "मोटारसायकल कुणी घरी जोडतं का?"

त्याचं बरोबर होतं. सुट्या भागांची गिटार वेळ खाते, सोल्डरिंगनं बोटं भाजतात आणि शेवटी ती नीट वाजेलच याची हमी नसते. पण हौसेला मोल नसतं. नेक म्हणजे गिटारची मान, तारांचा आवाज पकडणारा पिकअप, तारा पिळायच्या कळा असं सगळं ऑनलाइन मागवलं. राहिली फक्त बॉडी, म्हणजे दोन इंच जाडीची भरीव फळी. ती घरची असावी म्हणून मी आण्णांना फोन केला.

त्यांनी बांधावरची बाभळ तोडली. तिच्या शेंगांवर आमच्या शेळ्या दरवर्षी पोसायच्या, तरी तोडली. वर बजावलं, "एक पावसाळा पाण्यात, एक उन्हाळा सावलीत. मधी काढायचं न्हाई." आमच्याकडे बाभळीचं लाकूड पाझर तलावात बुडवून ठेवतात, नाहीतर त्याला भुंगा लागतो आणि आतून पीठ होतं. औताचं, बैलगाडीचं लाकूड असंच तयार होतं. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो.

पण कंपनीतल्या गणपतीच्या कार्यक्रमात वाजवणार असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दोन महिन्यांत मी लाकूड पाण्याबाहेर काढायला लावलं. इकडे कंपनीत मशीनवर वाळवतात, अशी थाप मारली. आण्णा फोनवर म्हणाले, "बरं. तुला जास्त कळतं."

मशीन कुठलं आलंय? ओलसर फळी सुताराकडून कापून घेतली आणि वरून चकचकीत रंग मारला. गणपतीत ती वाजली, टाळ्या मिळाल्या. थंडी सरता सरता नेकच्या जोडापासून चीर गेली. मग सुईएवढी भोकं दिसू लागली, आणि रोज सकाळी चादरीवर चिमूटभर पिवळं पीठ सांडलेलं असायचं. एका वीकऑफला ती बॉडी मी भंगारात टाकली, ऑनलाइन तयार बॉडी मागवली आणि तिला तसाच रंग दिला. फोनवर मात्र आण्णांना सांगितलं, "लई भारी वाजतंय तुमचं लाकूड."

दिवाळीत ती गिटार घेऊन गेलो. आण्णांनी धोतराला हात पुसले, ती मांडीवर घेतली आणि एकदा तोलून पाहिली.

"हलकी हाय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "वाजव."

ज्यानं उभा जन्म कुऱ्हाड वागवली त्याला बाभळीचं वजन कळणार नाही? मी मान वर न करता वाजवत राहिलो आणि गाणं संपलं तरी थांबलो नाही. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

त्यानंतरची दिवाळी झाली आणि माघात आण्णा गेले. माळावरच छातीत कळ आली. शेळ्या सवयीनं घरी आल्या, ते आले नाहीत. दहावं झाल्यावर मायनं मला गोठ्यामागं नेलं. पोत्याखाली बाभळीचा एक ओंडका होता, तडकू नये म्हणून दोन्ही तोंडं शेणानं लिंपलेली. ती म्हणाली, त्या दिवाळीला गिटार दाखवून मी परतलो, तशी आण्णांनी दुसरी बाभळ तोडली. पुरा पावसाळा ती पाण्यात ठेवली, आणि नंतर ओंडक्याची कूस रोज बदलत राहिले. एक उन्हाळा तेवढा राहिलाय, म्हणायचे.

तो उन्हाळा मी थांबलो. त्या लाकडाची गिटार आता माझ्याकडे आहे. इतकी जड की तासाभरात खांदा भरून येतो, आणि खरं सांगायचं तर तयार गिटार हिच्यापेक्षा सोपी वाजते. गावाकडची पोरं विचारतात, स्वतः करण्यात काही अर्थ आहे का? लाकडाला लागतो तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर दुकानात जा, एवढंच मी सांगतो.

यंदा ती घेऊन घरी गेलो. माय ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. पहिली फळी भंगारात गेली, मी खोटं बोललो.

"त्यांला म्हाईत होतं," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "म्हणले, पोरगं लई जपतंय आपल्याला. वाईट वाटंल म्हणून बोललं न्हाई."

मी आण्णांना जपायला खोटं बोललो नव्हतो, माझी लाज झाकायला बोललो होतो. हे मायला सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही मागं राहिलेले असा की माझ्यासारखे बाहेर पडलेले, घर म्हणजे काय ते तुमचं तुम्हाला माहीत. मी आहे त्यापेक्षा मला चांगला समजणारी दोन माणसं जिथं होती, ते माझं घर. आता तिथं एकच आहे.