हडंब्याचं झाकण

टेंभुर्णीच्या पलीकडं, शिवेला लागून असलेल्या वस्तीवर काकासाहेबांचा हडंबा होता. हडंबा म्हणजे ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर चालणारं मळणीयंत्र. एका तोंडातून कणसं आत कोंबायची, आत लोखंडी दात गरगर फिरतात, दुसरीकडून दाणे पडतात. नवा आला तेव्हा त्या तोंडावर हातभर लांब पत्र्याचं झाकण होतं. माणसाचा हात दातांपर्यंत पोचूच नये अशी ती सोय होती, आणि वर लाल अक्षरात लिहिलेलंही होतं, 'हात आत घालू नका.' हे झाकण चार बोल्टांवर बसायचं. पहिल्याच सुगीत काकासाहेबांनी ते काढलं, कारण झाकणातून कणसं अडत अडत जायची आणि दिवसाला एक खळं कमी व्हायचं. मग पत्रा वाया कशाला घालवा म्हणून तो घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. कोंबड्या भिजू नयेत याची काळजी त्या घरात होती, आणि बायांचे हात मात्र उघड्यावर होते.

झुंबरबाई तिथं मजुरीला जायची. चाळिशीची बाई, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. ज्वारीची कूस अंगाला लागली की दोन दिवस खाज सुटते, म्हणून आमच्या भागातल्या बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात. झुंबरबाईच्या अंगातही कडूबाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, शर्ट होता. त्याच्या उजव्या बाहीला बटण नव्हतं. एक्क्याण्णव सालच्या फाल्गुनात आभाळ भरून आलं होतं, कणसं घालणारा गडी पाणी प्यायला गेला होता, आणि काकासाहेब बांधावरून ओरडत होते, हात चालवा, जल्दी करा. पाटी आणायचं काम असलेली झुंबरबाई गड्याच्या जागी उभी राहिली. चौथ्या पाटीला बाही दातांत गेली आणि बाहीमागं हात गेला. शेजारी उभ्या चतुराबाईनं बोंब मारली तेव्हा कुठं ट्रॅक्टर बंद झाला. तोवर उजवा हात कोपराच्या खाली राहिला नव्हता.

काकासाहेबांनी स्वतःची जीप काढली, हे खरं. पण जालन्याला पोचेपर्यंतच्या वाटेत त्यांनी कडूबाला काय पढवलं तेही खरं. मशीनचं नाव घेतलंस तर पोलीस येतील, पोलीस आले की मशीनला कुलूप, आणि साऱ्या वस्तीची ज्वारी अजून कणसात आहे. लोक तुलाच शिव्या घालतील. कडूबा भित्रा गडी. बायको मागच्या सीटवर कण्हत असताना त्यानं मान डोलावली, आणि दवाखान्याच्या कागदावर लिहून आलं की कडबा तोडताना विळा लागला. विळ्यानं असा हात जातो का, हे जन्मात एकदा कडबा तोडलेल्या कुणालाही विचारा.

आणि मग वस्तीनं काय केलं? कुणाला वाटेल, झाकण बसवलं असेल. छे. वस्तीनं ठरवलं की मशीन बाधलं आहे. नवं मशीन आलं तेव्हा त्याला काही दिलं नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या हातानं घेतलं. पाचव्या दिवशी काकासाहेबांनी बाजारातून काळा बोकड आणला, हडंब्याच्या तोंडाला हळदीकुंकू लावलं, देवीच्या नावानं तिथंच बोकड कापला आणि अख्ख्या वस्तीला जेवू घातलं. चतुराबाई जेवली, कणसं घालणारा गडी जेवला, कडूबाही पंगतीला बसला. त्याच रात्री झुंबरबाई दवाखान्यातून आली तेव्हा तिच्यासाठी झाकून ठेवलेला वाटा घरात होता. तिनं डाव्या हातानं ताटली उचलली आणि कुत्र्यापुढं ठेवली. कडूबाशी ती महिनाभर बोलली नाही.

तिची चूल डाव्या हातावर आली. भाकरी थापता येईना, वेणी घालता येईना, लुगड्याच्या निऱ्या करता येईनात. पण तिला खरा घोर होता तो सुनेचा. मुलाचं लग्न नुकतंच झालेलं, सून बेबीनंदा एकोणीस वर्षांची. सासूची मजुरी बुडाली म्हणजे पुढच्या सुगीत त्याच हडंब्यावर तिलाच जावं लागणार, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. झुंबरबाईनं काकासाहेबांच्या दारात जाऊन एकच गोष्ट मागितली होती, झाकण बसवा. काकासाहेबांनी समजूत घातली की आता मशीन शांत झालंय, देवीला पोचलंय, तू काळजी करू नको. हे बोलताना मागं खुराड्यावर ते झाकण दिसत होतं. 

दवाखान्यात पट्टी बदलणाऱ्या नर्सनं तिला सांगितलं होतं की मशीनवर हात गेला तर मालकाला भरपाई द्यावी लागते, शेतातल्या मशीनलासुद्धा. ते वाक्य धरून ती एकटी एस.टी.नं जालन्याला गेली आणि हीरालाल वकिलाच्या पायरीवर बसली. हीरालाल मारवाड्याचं पोर, बापाचं कापडदुकान सोडून वकिलीत पडलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. दवाखान्याचा कागद विळा म्हणतो, नवऱ्यानंच तसं सांगितलेलं, साक्षीला माणूस नाही. झुंबरबाईनं त्याला बोकडाचं सांगितलं तर तो हसला. मावशी, बोकडाचा कायद्याशी काय संबंध, म्हणाला. पण दावा त्यानं लावला, एवढं त्याचं भलं म्हणायचं.

पुढं तारखांवर तारखा पडल्या. दोन सुग्या गेल्या. बेबीनंदा त्या दोन्ही सुग्यांत हडंब्यावर गेली, आणि ती परत येईपर्यंत झुंबरबाई उंबऱ्यावर बसून राहिली. सून दिसली की आधी ती तिचे हात बघायची. वस्ती तर मूग गिळून बसलेली. चतुराबाई, जिच्या तोंडची बोंब अर्ध्या शिवारानं ऐकली होती, ती वकिलाला म्हणाली की मला काही दिसलं नाही, मी पाठमोरी होते. खाल्ल्या मटणाला जागली बिचारी.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात जालन्याच्या कोर्टात काकासाहेबांची साक्ष निघाली. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा. शपथ घेऊन त्यांनी सांगितलं की ही बाई माझ्या मशीनवर नव्हतीच. कुठं कडबा तोडायला गेली असेल, विळा लागला असेल, कागदच सांगतो. माणुसकी म्हणून मी जीप दिली, त्याचं हे फळ. चोराच्या उलट्या बोंबा त्या अशा. कडूबा मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता. विळ्याचं खोटं होतं हे आदल्याच तारखेला त्यानं रडत रडत कबूल केलं होतं, पण नवऱ्यानं बायकोसाठी शब्द फिरवला म्हणून निकाल देणाऱ्या साहेबांनी ते फारसं धरलं नव्हतं. हीरालालनं इकडून विचारलं, तिकडून विचारलं, काकासाहेब हलेनात. साहेब घड्याळ बघायला लागले.

तेव्हा झुंबरबाईनं डाव्या हातानं वकिलाचा काळा कोट ओढला.

"बोकडाचं इचारा," ती म्हणाली.

हीरालालला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून त्यानं विचारलं. त्या साली तुम्ही मशीनपुढं बोकड कापला होता का?

 काकासाहेबांच्या वकिलानं उठून हरकत घेतली, पण साहेबांनी त्याला बसवलं. काकासाहेबांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा वस्तीवरून आलेल्या माणसांकडं. देवीला दिलेला बोकड दिला नाही म्हणायचं म्हणजे दिलेलं परत घेणं. मग देवी ते घरातल्या माणसाकडून वसूल करते, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं.

"कापला," ते म्हणाले. "न्हाई कशाला म्हनू."

"कशापायी?"

"मशीनला रगत लागलं व्हतं."

"कुणाचं?"

काकासाहेबांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "हिचंच की," ते म्हणाले.

 बाईच्या हाताबद्दल खोटं बोलताना दोन वर्षं त्या माणसाची जीभ अडली नव्हती. बोकडाबद्दल मात्र अडली. झुंबरबाईला जिंकल्याचा आनंद झाला नाही. एका जनावराला आपल्या हातापेक्षा जास्त किंमत होती, एवढंच तिला कळलं.

निकाल तिच्या बाजूनं लागला. भरपाई ठरली, हीरालालनं पेढे वाटले. झुंबरबाईनं साहेबांना विचारलं की झाकणाचं काय. साहेब भला माणूस होता, पण त्यानं सांगितलं की इथं फक्त गेलेल्या हाताचं बघतात, झाकणाचं काम दुसऱ्या कचेरीचं, तिकडं अर्ज करा. म्हणजे हात गेला तर कायदा येतो, आणि हात जाऊ नये म्हणून अर्ज करा! तिनं अर्जही केला. त्याचं उत्तर सुगी आली तरी आलं नव्हतं.

काकासाहेबांनी रक्कम भरली आणि गावभर सांगत सुटले की आता माझ्याकडं कुणाचं काही निघत नाही. पुढच्या फाल्गुनात हडंबा पुन्हा खळ्यावर लागला. या वेळी शहाणपण म्हणून त्यांनी आधीच बोकड आणून चाकाला बांधला. बाया पाट्या घेऊन जमल्या होत्या, ट्रॅक्टर अजून सुरू व्हायचा होता. बेबीनंदा नवऱ्याचा शर्ट घालून तोंडाशी उभी होती. तेवढ्यात झुंबरबाई आली. तिनं कुणाला शिवी दिली नाही. डाव्या हातानं आणि दातांनी बोकडाचं दावं सोडलं, आणि हडंब्याच्या उघड्या तोंडावर जाऊन बसली, पाठ दातांकडं करून.

"ऊठ, झुंबरबाई. टाइम खोटा करू नको," काकासाहेब म्हणाले.

"बोकड नको. चार बोल्ट आना."

"तुला तुझे पैसे भेटले न्हाई का?"

"ते गेल्या हाताचे भेटले," ती म्हणाली, आणि पदरातून उरलेला कोपर बाहेर काढून बायांपुढं धरला. "हे मटन तुमी समद्यांनी खाल्लं. आता कुनाचं खायचं ते सांगा, मंग उठते."

 मग चतुराबाईनं पाटी खाली ठेवली आणि तीही बसली. तिच्यामागं एकेक करत साऱ्या बसल्या. काकासाहेबांनी आरडाओरडा केला, मजुरी कापीन म्हणाले, दुसऱ्या गावच्या बाया आणीन म्हणाले. ऊन चढलं. शेवटी त्यांनी गड्याला घराकडं पिटाळलं.

झाकण आलं. त्यावर कोंबड्यांची शिट वाळलेली होती, खालची लाल अक्षरं मात्र अजून वाचता येत होती. टेंभुर्णीहून सायकलवर बोल्ट आले. सगळं मिळून तासभर लागला. झुंबरबाई चारही बोल्ट घट्ट झाले का ते हलवून बघितल्याशिवाय उठली नाही. मग ती बेबीनंदाकडं वळली.

"बाह्या कोपराच्या वर दुमड," ती म्हणाली, "आन् मंग कामाला लाग."