म्हैस व्याल्यावर पेटलेली चूल

आमचा गवळीवाडा खानापूरच्या जंगलात. म्हशी आणि माणसं एकाच छपराखाली राहतात. मध्ये कारवीचा अर्ध्या उंचीचा कूड, आणि चूल माणसांच्या बाजूला. त्या चुलीपुढे बसून बसून आईची छाती धरली होती. चार वाक्यं बोलली की खोकल्याची उबळ यायची, मग कुडाला टेकून बसायचं. बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरातला धूर बंद करा, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही. आईला ते पटत नव्हतं. "धूर बंद केला तर म्हशींनी काय करायचं गं? माशा-चिलटं जित्ती खातील त्यास्नी." स्वतःच्या छातीपेक्षा हिला म्हशींची पाठ मोठी. मी चिडायची, ती खोकायची, आणि आमचं बोलणं तिथंच संपायचं.

मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका शाळेत कारकून आहे. तिथं एकदा एका संस्थेच्या बाई आल्या. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांच्या आरोग्यासाठी काही नवीन करून बघणार असाल, तर आम्ही निधी देतो, असं त्यांनी सांगितलं. मी लगेच बिनधुराच्या चुलीचं नाव काढलं. त्या हसून म्हणाल्या, "त्यात नवीन काय?" मला राग आला, पण बाईंचं खरं होतं. तशी एक चूल पूर्वी कुणीतरी आम्हाला देऊन गेलं होतं. तिच्यात कोंबडी अंडी घालायची.

सुट्टीला घरी गेल्यावर मी हे सांगितलं, तेव्हा वहिनी भाकरी थापता थापता चेष्टेनं म्हणाली, "धूर म्हशींच्या अंगाला पायजे न्हवं? मग चुलीची नळी तिकडंच सोडा की." आम्ही हसलो. मग हसायचे थांबलो. म्हशींची बाजू बाहेरून मोकळी असते. धूर तिथं फिरून, माशा हाकलून बाहेर गेला असता. आईसुद्धा म्हणाली, "हे जमंल." मी तेच लिहून पाठवलं आणि निधी मंजूर झाला. आधी आमच्या घरात चूल बांधायची, ती चालते हे बाईंनी बघितलं की बाकीच्या घरांनाही मिळणार, असं ठरलं.

बाई बघायला आल्या त्या दिवशी घर धुरानं गच्च भरलेलं. आईनं पाहुण्यांच्या चहासाठी जुनीच चूल पेटवली होती. शेजारी नवी चूल सारवून, हळदकुंकू लावून, कोरी करकरीत. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी डोक्यात राख घालून घेतली. "आई, कशाला आल्यात त्या? नवी का पेटवली न्हाईस?"

"म्हैस कुठं व्यालीया अजून?" आई म्हणाली.

आमच्यात नव्या चुलीवर सगळ्यात आधी घरच्या म्हशीचं, चीक सरल्यानंतरचं पहिलं दूध उतू घालवतात. त्याआधी तिच्यावर पाणीसुद्धा तापवत नाहीत. चूल बांधायच्या घाईत म्हशीचे दिवस बघायचे राहूनच गेले होते. आई बोलता बोलता खोकायला लागली, आणि ती उबळ थांबेना. वहिनी तिची पाठ चोळत राहिली. मला वाटलं, संपलं सगळं. निधीही गेला, आणि आईही अशीच खोकून खोकून जाणार.

बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "आक्का, म्हैस कधी विणार?"

"ह्या अवसेच्या मागं-म्होरं."

"मग मी तेव्हा येते. ऑफिसात तसं सांगते."

ऑफिसात त्यांनी हे कसं सांगितलं असेल, कोण जाणे. गाभण म्हशीनं काम अडवलंय, असं साहेबांसमोर म्हणायला धीर लागतो. आमच्याकडे शिकवायला येणारे पुष्कळ झाले, आमच्यासाठी थांबणाऱ्या या पहिल्याच. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

त्या खरंच आल्या, वाटेत पायाला जळवा लावून घेऊन. नव्या चुलीवर दूध उतू गेलं. धूर नळीतून म्हशींकडे निघाला, म्हशींनी जरा कान हलवले आणि रवंथ चालू ठेवला. आईनं सवयीनं डोळे पुसायला पदर उचलला आणि तसाच धरून राहिली. डोळे कोरडे होते. आता वाड्यातल्या सगळ्या घरांत तशी चूल आहे.

परवा शाळेत असताना फोन वाजला. आमच्या वाड्यावर रेंज नाही, फोन लावायचा तर वरच्या टेकाडावर चढून जावं लागतं. मला वाटलं वहिनी असेल. उचलला तर आई. "कवाधरनं आली न्हाईस. लेकीनं असं वागायचं असतंय व्हय?" इथून सुरू करून तिनं माझी नोकरी, माझं जेवणखाण, माझा नवरा, सगळ्यांचा उद्धार केला. मध्ये कुठंही थांबली नाही. घंटा झाली, मुलं वर्गांतून बाहेर आली, तरी तिचं चालूच. एरवी मी उलटून बोलले असते. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून नुसतं "व्हय आई, व्हय" म्हणत राहिले.