पाणी कुंडीचं, बोटं घरची

राज्यांची नवी वाटणी चालली होती त्या वर्षी शहरातल्या सिंधीपुऱ्यात हैजा, म्हणजे कॉलरा, आला. बायको पहिल्या बाळंतपणाला त्याच शहरात, इतवाऱ्यात माहेरी होती, म्हणून मी गावाकडून बैलगाडी जुंपून गेलो. आमच्या केळी पिकवणाऱ्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, आणि सासऱ्यांना ते कायम खुपायचं.

माझ्यासमोर आल्यागेल्या प्रत्येकानं माठात पेला बुडवला, बोटांसकट. तेच पाणी बायको पीत होती. मी म्हणालो, "पाणी उकळा, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा."

सासरे हसले. "जावईबापू, हे कुंडीचं पाणी आहे, बादशहाच्या काळच्या भुयारातून येणारं, बादशाही. तुमच्या मळ्यातल्या नाल्याचं नाही. राज्य बदललं म्हणून माठ पण बदलायचा का?"

"पाणी बादशाही असेल. बोटं तर तुमचीच आहेत ना?"

ते ताडकन उठले. "बीए झाला, पण बोलायची अक्कल नाही आली!"

"अक्कल मागायला नाही, बायको न्यायला आलोय." मी तिला घेऊन निघालो. सासरे दारापर्यंतही आले नाहीत.

वाटेत बायको म्हणाली, "तुमची आई पण माठात हात घालते. तिला सांगाल?"

"सांगेन."

"मग जेवाल कुठे?"

घरी पोचताच मी आईला सांगितलं. ती कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. पण माठाशेजारी ओगराळं टांगलं गेलं, पाणी उकळू लागलं, आणि मुलगी धडधाकट जन्मली. सासरच्या माठातलं पाणी मी नंतर कधीच प्यालो नाही.