ढवळ्याच्या घरची

आमची मंडळी कधी मारुती म्हणायची नाही. पारावरच्या देवालाही ती शेंदऱ्या म्हणायची, कारण मारुती माझं नाव. नवऱ्याचं नाव तोंडातनं गेलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. बाया हसायच्या. ही म्हणायची, "हसा की. तुमचं काय जातंय, नवरा माझा हाय."

केसर तिचं नाव. माहेर मांजरा नदीच्या पल्याड, मी अल्याड कळंबचा. आमच्या काठाला नदीत घुसलेला धक्का. काळ्या घडीव दगडांचा, निजामाच्याही आधीचा म्हणायचे. नव्या माणसाला पत्ता धक्क्यावरनंच सांगायचे, धक्क्याच्या वर नाहीतर खाली. नदी कितीबी भरली तरी धक्क्याच्या आडोशाला पाणी निवांत असायचं. रहीमचाचाचा डोंगा तिथनंच सुटायचा आणि तिथंच लागायचा.

पल्याडच्या माणसानं हाळी द्यायची ती कुणाच्या घरचं ते सांगून. चाचाला सुगीत घराघरातनं ज्वारी मिळायची, म्हणून घर सांगायची रीत. आता ही काय सांगणार? लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत आली, तर पल्याडनं खणखणीत ओरडली, "ढवळ्याच्या घरची आलीया." ढवळ्या माझा बैल. धक्क्यावर धुणं धुणाऱ्या बाया हसून लोळल्या. चाचा मला म्हणाला, "जा मियाँ, तेरे बैल की बीवी आई." तेव्हापासून गाव मलाच ढवळ्या म्हणायला लागलं.

पुराला ती कधी भ्याली नाही. "नदी काय सासू हाय व्हय," म्हणायची, आणि माझी आई शेजारीच बसलेली असायची. "धक्का हाय तवर म्हायेर हाय," हेही तिचंच.

हैदराबाद राज्य गेलं, आम्ही मुंबई राज्यात मोडू लागलो आणि पुलाचं काम निघालं. कंत्राटदारानं पुलाच्या पायाला धक्क्याचेच दगड उपसले. गावाला आनंद. चाचा म्हणाला, आधी पूल उभा राहू द्या, मग काढा. केसरही तेच म्हणाली. बाईचं आणि नावाड्याचं कोण ऐकतंय.

पंचमीला ती माहेरी गेली आणि तापानं पडली. डॉक्टर अल्याड. भावानं गाडीत घालून काठावर आणली, तर मांजरा दुथडी आणि पुलाचे नुसते खांब उभे. चाचानं डोंगा घातला. आडोसा नव्हता. धारेनं त्याला पार खाली नेऊन बाभळीत घातलं. पुन्हा वर ओढून आणला, पुन्हा तेच. मी काठावर उभा. पल्याड गाडीत ती उठून बसलेली दिसली. मला वाटलं, आता ढवळ्याच्या नावानं हाळी देईल.

"मारुतीऽ"

एकदाच. पाण्याच्या घोंगाटातनंही नीट ऐकू आलं. चाचानं वल्हं खाली ठेवलं. त्यालाही कळलं, मलाही. जन्मभर जपलेली गोष्ट बाई उगं सोडत नाही.

पाणी उतरायच्या आत तिला तिकडंच जाळलं. धूर मी अल्याडनं पाहिला.

पुढं पूल झाला. एस.टी. जाते. धक्का कुठं होता ते आता विचारावं लागतं, आणि विचारतंय कोण. ढवळ्या मेला, चाचा मेला. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं म्हणायची. तेवढं एक तिचं खोटं निघालं. मी अजून आहेच.