मांजरपाटाचं शीड

वडनेर भोलजीच्या अलीकडे, हायवेवरच्या एका ढाब्यासमोर, मी ती होडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात झेंडू फुलला होता. मालकाने ती काळ्या मातीने काठोकाठ भरली होती आणि भोवती चुना मारलेले दगड मांडले होते. मी चहासाठी थांबलो होतो. चहा तसाच ठेवून उठलो, होडीभोवती फिरलो, मधली माती जरा उकरली. बोटांना एक लांबट फट लागली. नुसत्या वल्ह्यांच्या होडीला अशी फट नसते. तिच्यातून पाण्यात एक फळी सोडतात, म्हणजे आडव्या वाऱ्यात होडी बाजूला घसरत नाही. ही शिडाची होडी होती.

मी नौदलात खलाशी होतो. नोकरी मोठ्या जहाजावर केली, पण शिकायला आम्हाला आधी अशाच होड्यांत बसवलं होतं. नोकरी संपल्यावर मी गावी परतलो. आमचं गाव मेहकर तालुक्यात, पैनगंगेवरच्या धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. शेती करतो, बरं चाललं आहे. पण बुलडाणा जिल्ह्यात ढाब्यासमोर शिडाची होडी दिसल्यावर माझा पाय तिथून निघेना.

मालकाला विचारलं. कुठल्याशा तलावावर कुणी बोटिंग सुरू करणार होतं, ते झालंच नाही, आणि होडी भंगारातून फिरत त्याच्याकडे आली होती. न्यायला त्याची हरकत नव्हती, काळजी फुलांची होती. मी खामगावहून मोठ्या कुंड्या आणल्या आणि आम्ही दोघांनी मिळून सगळा झेंडू त्यांत हलवला. डोलकाठी मात्र सापडेना. शेवटी तीही दिसली. ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलेली ढाब्याची पाटी तिच्यावरच उभी होती. मालक पोट धरून हसला, आणि दुसरा लोखंडी पाइप रोवून होईपर्यंत पाटी स्वतः धरून उभा राहिला. त्या माणसाचा मी कुणीही लागत नव्हतो. अजूनही त्याचा फोन येतो, होडी कशी आहे म्हणून.

होडी कशाला हवी होती, ते सांगतो. माझे वडील गावचे शिंपी होते. त्यांचा जिवाभावाचा दोस्त पलीकडच्या काठावर राहतो, मोठ्या शेतीचा माणूस. मी त्यांना काका म्हणतो. धरण नव्हतं तेव्हा दोघं नदीच्या उथळ उतारातून पायीच रोज एकमेकांकडे जायचे. आमच्या वस्तीत येऊन बसणारे त्यांच्या गावातले फार थोडे, काका त्यांतले पहिले. आमच्या घरी ते जेवायचे, आणि त्यांच्या घरी बाबांचं ताट त्यांच्याच पंगतीत असायचं. नंतर नदीच्या जागी पाणी पसरलं. काठावरून पलीकडच्या गावाची झाडं मोजता येतात, पण रस्ता मोठा वळसा घालून जातो. बाबांच्या मणक्याचं दुखणं वाढल्यावर डॉक्टरांनी असे धक्के खायचे नाहीत म्हणून बजावलं. काकांना नीट दिसेनासं झालं, त्यांचंही येणं थांबलं. फोन होता, पण दोघांनाही कमी ऐकू येतं. एकाने जेवणाचं विचारलं की दुसरा पावसाचं सांगायचा. मच्छीमारांच्या डोंग्यात उकिडवं बसावं लागतं, ते बाबांना जमणारं नव्हतं.

होडी अंगणात आली तेव्हा बाबांनी खाटेवरूनच विचारलं, “हे काय आनलं?”

म्हटलं, काकांकडे जायला गाडी आणली. संध्याकाळी ते काठी टेकत आले आणि तिच्या काठावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

माती धुऊन काढली तेव्हा खरी हालत कळली. कुंडीतलं पाणी निचरावं म्हणून तळाला भोकं पाडलेली होती. एका बाजूला लांब चीर होती. सुकाणू अर्धं तुटलेलं, खालची फळी नव्हतीच, आणि शीड म्हणून जे गाठोडं मिळालं होतं त्यात उंदरांनी संसार केला होता. जानेफळला एक जण मोटारसायकलींचं फायबर जोडून देतो. तो सामान घेऊन घरी आला, भोकं आणि चीर भरून गेला, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मुद्दाम वाकडी वाट करून सांधे धरले की नाही ते पाहायला पुन्हा आला. फळी आणि सुकाणू मी सागाचं केलं. रंग बायकोने निवडला, पिवळा. पाण्यात काही झालं तर लांबून दिसावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. लाइफ जॅकेटही तिनेच आधी मागवून घेतली.

राहिलं शीड. तसलं कापड इकडे कुठे मिळणार? ताडपत्री जड पडली असती. बाबा म्हणाले, मांजरपाट घे. जाडसर, कोरा, न धुतलेला. मी तागा आणला आणि कितीतरी महिन्यांनी बाबांच्या मशीनवरची चादर निघाली. त्यांना फार वेळ बसवत नव्हतं. थोडं शिवायचे, आडवे व्हायचे, पुन्हा उठायचे. बायको कापड सरकवायची, मी जमिनीवर खडूने आकार काढून द्यायचो. शीड सपाट नसतं, वाऱ्यात त्याला पोट यावं लागतं, हे मी त्यांना हाताने दाखवलं.

“म्हंजे टक्स द्या लागन,” ते म्हणाले. “पोलक्याले देतो तसे.”

पहिल्या खेपेला टक्स जास्त झाले आणि शीड झोळीसारखं लोंबायला लागलं. सगळं उसवलं. दुसऱ्यांदा ते बेताचं जमलं. काठाला त्यांनी खाट विणायची नेवारीची पट्टी दुहेरी लावली. मी मुंबईला होतो तेव्हा सुट्टीत घरी आलो की बाबांबरोबर बोलायला विषयच सापडत नसे. त्या दिवसांत आम्ही सकाळ-संध्याकाळ बोलत होतो, तेही नुसतं शिवणीबद्दल आणि दोऱ्यांबद्दल.

मच्छीमारांना विचारून मी आधी एकट्यानेच काठाकाठाने होडी फिरवून पाहिली. फळीच्या फटीतून पाणी झिरपत होतं, तिथे रबर बसवलं. मग हिवाळ्यातल्या एका सकाळी बाबांना घेऊन निघालो. शेतांत तूर पिवळी पडत आली होती आणि पूर्वेकडून बारीक वारा होता. आडवा वारा, म्हणजे जाताना आणि येतानाही सोयीचा. दोघा मच्छीमारांनी बाबांना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. जॅकेट घालताना ते म्हणाले, ही बंडी कोनं शिवली, बगलेत ढिली आहे.

शीड भरलं, आणि होडी काठापासून अलगद सुटली. बाबा वर पाहत होते. त्यांची नजर शिवणीवरून खालपासून वरपर्यंत गेली आणि खाली आली.

अर्ध्या वाटेवर वारा पडला. पाणी सपाट झालं, शीड लोंबलं. मी वल्ही काढायला लागलो तर बाबांनी हात वर केला.

“राहू दे. काई घाई नाई.”

आम्ही तसेच बसलो. पाणकावळे दूरच्या वाळल्या झाडावर पंख पसरून बसले होते. बाबांनी पाण्यात बोटं बुडवली, आणि जरा वेळाने विचारलं, “समुद्रात असा वारा पडला तं काय करता रे तुमी?”

मी सांगितलं, आमच्या जहाजाला इंजिन होतं, वाऱ्याशी काम नव्हतं. मग त्यांनी विचारलं, तिथे रात्री झोप येते का. जेवण कोण रांधतं. जमीन दिसत नाही तेव्हा माणसाच्या मनात काय येतं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी मला फक्त तब्येत विचारली होती, आणि मीही बरी आहे एवढंच सांगत आलो होतो. त्या दिवशी मी त्यांना पहिल्या वादळाचं सांगितलं, कसा आजारी पडलो आणि कसा घाबरलो ते. ते ऐकत राहिले.

“मले वाटे तू तिकडं मजेत अशीन,” ते म्हणाले. “म्हनून कदी इचारलं नाई.”

मी म्हटलं, मजाही होती. त्यांनी मान डोलावली. माझ्या गुडघ्यावर त्यांनी ओला हात ठेवला आणि वारा येईपर्यंत तो तिथेच होता. त्या पडलेल्या वाऱ्याचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही.

निरोप आधीच धाडला होता, पलीकडे काका काठावर खाट टाकून बसले होते. त्यांना होडी दिसली नसावी, पिवळा ठिपका दिसला असेल. त्यांच्या गड्यांनी बाबांना उचलून उतरवलं तेव्हा काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, “काऊन बे, एवढा येळ? पोहत आला काय?”

“वारा थांबला होता,” बाबा म्हणाले.

काकांनी बाबांचा हात धरला आणि खाटेवर जवळ बसवलं. मग ते माझ्याकडे वळले आणि ज्यात बसून आलात ते मला हातात दे म्हणाले. मी शिडाचं टोक दिलं. त्यांनी चिमटीत धरून कापड चोळलं.

“मांजरपाट,” ते म्हणाले, आणि हसायला लागले.

त्या दिवशी त्यांच्या शेतात गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. बाबा दोन घास जास्तच जेवले. जेवल्यावर दोघं एकाच खाटेवर आडवे पडून बोलत होते. इतक्या जवळून बोलताना त्यांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. मी लांब बांधावर बसून होडीकडे पाहत राहिलो.

तेव्हापासून वारा चांगला असला की आम्ही जातो. कधी काका येतात, तेव्हा मी रिकामी होडी नेतो आणि त्यांना घेऊन येतो. येताना ते सगळा वेळ एका हाताने काठ घट्ट धरून असतात आणि दुसरा हात पाण्यात सोडतात. घरी आले की माझ्या बायकोला सांगतात, आज पाणी गार होतं किंवा कोमट होतं, आणि मग चहा मागतात.