वरातीतल्या सॅक्सोफोनवाल्याची कॅसेट

चाळीस वर्षं वरातीत सॅक्सोफोन फुंकणाऱ्या त्या म्हाताऱ्याला नाचणाऱ्यांनी एकदाही संथ गाणं वाजवू दिलं नाही, याची मला अजून चीड येते. दम संपत आला तेव्हा तो आमच्या संघटनेच्या कचेरीत आला; भाषणं टेप करायला तिथं टेपरेकॉर्डर होता.

"पावणं, माझी संथ गाणी तेवढी टेप करून द्या की."

आमच्याकडे एकच कॅसेट होती. तिच्यावरचं पुढाऱ्यांचं भाषण मी पुसलं. भाषणं काय, रोजचीच.

डोळे मिटून तो वाजवू लागला. पण दर ओळीनंतर त्याची धाप टेपवर उतरत होती.

"परत भरूया?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. गाणी दुसऱ्यांची हायत, धाप तेवढी माझी हाय."

हल्ली मीही भाषणं करतो; दम लागला की लपवत नाही, थांबतो. लोक नेमके तेव्हाच ऐकतात. हे त्याचेच उपकार.